वाचायला शिकवणारे गुरुजी ओळखायचे कसे?

साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेचे ते रजिस्टर आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी, १९१४ या क्रमांकापुढे, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव त्यात नोंदले गेले. २०१७ सालापासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. प्रतिमेला हार घातले जातात, भाषणे होतात, मुलांना वह्या वाटल्या जातात. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण रजिस्टर एवढेच सांगते की पोर शाळेत आले. आलेल्या पोराला पुढे धड वाचता आले का, हे रजिस्टर सांगत नाही. आणि वाचायला शिकवण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले त्या गुरुजींना, त्या बाईंना ते काम खरोखर येते का, हे तर कोणी विचारतच नाही.

हा प्रश्न बाबासाहेबांनी मात्र विचारला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारपुढे साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर मुले शिरतात, त्यांतली चौथीपर्यंत पोचतात अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खड्ड्यात पडतात. मग या खर्चाचा उपयोग काय? शाळेच्या दारातून आत गेलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू, असे त्यांचे म्हणणे होते. आज मुले चौथीपर्यंत पोचतात, आठवीपर्यंतही पोचतात. पण वाचत वाचत पोचतात का? 'असर' या पाहणीत घरोघर जाऊन एकेका मुलापुढे मजकूर ठेवतात आणि वाचायला सांगतात. २०२४ च्या पाहणीप्रमाणे देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम तेवीस मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. आपली बहुतेक मुले ज्या शाळांत जातात, त्या शाळांचे हे आकडे आहेत. ज्यांना परवडले ते इंग्रजी शाळेत गेले. राहिली ती मुले गुरुजींवरच अवलंबून आहेत, कारण त्यांच्या घरी दुसरे शिकवणारे कोणी नाही.

तेव्हा गुरुजींना वाचन शिकवता येते की नाही हे तपासले पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती कसे तपासायचे याबद्दल.

पहिली पद्धत जुनी, साहेब येऊन तपासण्याची. पूर्वी वर्षाकाठी एकदा दिपोटी साहेब येत. आदल्या दिवशी शाळा सारवली जाई, हुशार पोरे पुढे बसत, आणि आपल्या आळीतली पोरे मागे, नाही तर त्या दिवशी घरीच. साहेबांनी पुस्तक उघडले की पुढचे पोर धडा धडाधड म्हणून दाखवी. ते वाचत नसे, म्हणत असे. धडा पाठच झालेला असे. आजही हे सहज पाहता येईल. पोराचे बोट तिसऱ्या ओळीवर असते आणि तोंड पाचव्या ओळीवर.

जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, साताऱ्याकडचे. सावित्रीमाईंचे माहेर नायगाव, तेही साताऱ्याकडचे. या दोघांनी शिक्षकाचे काम स्वतः केले होते, त्यामुळे शिक्षकाची परीक्षा कशी घ्यावी हे ते पुस्तकातून शिकले नव्हते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी या बाबतीत जे मांडले ते आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीचा काही उपयोग होत नाही, शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासावी, आणि मधूनमधून आगाऊ खबर न देता शाळेत जाऊन पाहावे, असे त्यांनी सुचवले. म्हणजे तपासणीला त्यांचा विरोध नव्हता, उलट ती त्यांना जास्त हवी होती. पण त्याच निवेदनात त्यांनी दुसरी गोष्टही ठामपणे सांगितली. निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत गरीब, अडाणी लोकांच्या शाळांना लागू पडणार नाही. ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे, त्यांच्यात अशा भरवशावर शाळा काढायला कोणता मास्तर येईल? त्याचे पोट त्यावर भरणार नाही. मास्तर प्रशिक्षित असावेत, त्यांना पोटापुरता नीट पगार मिळावा, आणि ते शेतकरी-कष्टकरी वर्गातून आलेले, नांगराला हात लावायला न लाजणारे असावेत, हेही त्यांनी सांगितले.

निकालावर पैसे देण्याचा धडा इंग्लंडने तेव्हा गिरवून पाहिलेला होता. १८६२ साली तिथे नियम झाला की मुले वाचन, लेखन, हिशेबात पास होतील त्याप्रमाणे शाळेला अनुदान. परिणाम काय झाला? मास्तरांनी वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतले. साहेबांपुढे पोरे घडाघडा म्हणत, आणि नवे पुस्तक दिले की गप्प. शेवटी १८९० नंतरच्या दशकात त्यांना ती पद्धत गुंडाळावी लागली. आपल्याकडे अधूनमधून कोणी तरी उठतो आणि म्हणतो, मुलांना वाचता येत नसेल तर मास्तरांची पगारवाढ रोखा. ऐकायला बरे वाटते. पण असे झाले तर पहिला मार कोणाच्या पोरांना बसेल? जे पोर उशिरा शिकेल असे वाटते ते मास्तरांना वर्गात नकोच होईल, आणि ते पोर बहुतेक वेळा आपले असेल.

दुसरी पद्धत आजची, म्हणजे कागदावरची परीक्षा. शिक्षक पात्रता परीक्षा, जिला सगळे टीईटी म्हणतात, ती महाराष्ट्रात २०१३ सालापासून होते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, चार पर्यायांतून एक निवडायचा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी. वीस-वीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींच्या पोटात त्यामुळे गोळा आला. यात आपल्या समाजातले पुष्कळ शिक्षक आहेत, पुष्कळांच्या घरातली ती पहिली नोकरी आहे. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. कायद्यापुढे सर्वांना सारखे राहावे लागेल, हेही खरे.

पण ही परीक्षा पास झालेल्या माणसाला सहा वर्षांच्या पोराला वाचायला शिकवता येईल, असे त्या कागदावरून कळते का? आमचे उत्तर नाही असे आहे. पोहण्यावर दीडशे प्रश्न सोडवणारा माणूस कृष्णेच्या पुरात उतरेलच असे नाही. शिवाय कागदाचे दुसरेही एक दुखणे आहे. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून घेतल्याचे उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे देऊन कागद मिळवता येतो. पण चौथ्या रांगेतल्या पोराला वाचता येईल, असे काही विकत मिळत नाही.

मग वाचन शिकवण्याचे हे कसब असते तरी काय? ते जरा खोलात जाऊन पाहू, कारण पालकांना ते कळले तर निम्मे काम होईल.

मराठीत स्वर आणि व्यंजने मिळून पन्नासच्या आसपास अक्षरे, आणि प्रत्येक व्यंजनाची बाराखडी. चारशेच्या वर आकार झाले. जुन्या रीतीने शिकवणारे गुरुजी अ-अननस, आ-आई पासून ज्ञ पर्यंत जातात, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. पोराला पहिला अर्थाचा शब्द वाचायला मिळेपर्यंत वर्ष संपत येते. तोवर हे सगळे कशासाठी चालले आहे तेच त्याला कळलेले नसते. घरी पुस्तके असलेल्या पोराला ते आधीच माहीत असते, म्हणून ते तरून जाते. आपल्या पोराला शाळेशिवाय ते सांगणारे कोणी नसते, म्हणून ते बुडते.

याला सातारा जिल्ह्यातच उत्तर शोधले गेले. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाई येऊन राहिल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासकार डॉ. एलिनॉर झेलियट यांच्याबरोबर त्यांनी एक ग्रंथही संपादित केला आहे. फलटणच्या गरीब वस्तीतील मुलांना शिकवता शिकवता त्यांचे काम वाढले आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांची रीत थोडक्यात अशी. सगळी वर्णमाला एकदम नको. आधी मोजकी अक्षरे आणि काना घ्या. तेवढ्यावर काका, मामा, नाक, कान असे शब्द पहिल्या काही दिवसांतच पोराला वाचता येतात. मग दुसरा अक्षरगट, मग पुढची मात्रा. आणि पोराला जे सांगायचे ते त्याच्या शब्दांत लिहू द्या, चुकले तरी. पश्चिम महाराष्ट्रातील तिसरीच्या मुलांना लिहिता-वाचता येते का याचा त्यांनी अभ्यास केला, तेव्हा त्या लेखाला पायाच ढासळला अशा अर्थाचे नाव त्यांना द्यावे लागले.

आमच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक काम महत्त्वाचे आहे. १९७३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली ती फलटणच्या बोलीच्या अभ्यासासाठी. गावात कोण कसे बोलते, हा त्याचा विषय. हे वाचनाशी जोडून पाहा. पुस्तकात 'पाणी' आहे आणि पोर 'पानी' म्हणते. त्याने शब्द वाचला की नाही? वाचला. अक्षर ओळखले, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या जिभेने म्हटला. जाणते गुरुजी पुढे जाऊ देतात. न जाणते गुरुजी तिथेच अडवतात, वर्ग हसतो, आणि पोर पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. वाचन चुकणे वेगळे आणि बोली वेगळी, हे ज्याला कळत नाही त्याला आमच्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता येणार नाही, मग त्याला टीईटीत कितीही गुण असोत.

आता खरी चूक पाहा. पोर 'दिवा' हा शब्द 'देवा' असा वाचते, 'पीठ' हा 'पेठ' असा. हे आळशीपणाने होत नाही. त्याची वेलांटी आणि मात्रा यांत गल्लत होते आहे. जाणत्या बाई लगेच दिवा-देवा, पीठ-पेठ अशा जोड्या करून आठवडाभर खेळवतील. दुसरे पोर 'सूर्य' शब्दाशी अडते. त्याला र चे डोक्यावर बसलेले रूप कोणी वेगळे काढून दाखवलेलेच नसते. तिसरे पोर चित्र पाहून 'कमळ' म्हणते, आणि चित्र झाकले की थांबते. तिघांनाही 'कच्चे' असा एकच शिक्का मारणारे गुरुजी आणि तिघांची तीन दुखणी सांगणारे गुरुजी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिक्षकाची परीक्षा घ्यायचीच असेल तर अशी घ्यावी. एका मुलाचे चुकत वाचलेले ऐकवावे आणि विचारावे, याला काय येते, काय येत नाही, उद्या सकाळी तुम्ही काय कराल?

हा प्रश्न पालकही विचारू शकतात. आणि उत्तर नीट ऐकावे. 'घरचे वातावरण नाही', 'तुम्ही लक्ष देत नाही', 'यांच्यात आवडच नसते', अशी उत्तरे आली तर समजावे की गुरुजींनी मुलाचे वाचन ऐकलेलेच नाही. बाबासाहेबांना शाळेत कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. आता गोणपाट गेले. पण वर्गात कोणाकडून रोज वाचून घेतले जाते आणि कोणाची पाळी महिनोन् महिने येत नाही, हे मोजले तर जुना कोपरा अजून सापडेल.

याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीटात एक वेगळी तपासणी झाली, तीही सांगायला हवी. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शाळा तपासायला जाण्याऐवजी शिक्षकांबरोबर वर्गात जमिनीवर बसायला सुरुवात केली. मुले गटागटाने, कार्डे-खडे घेऊन, जमिनीवरच्या आखणीवर वाचू-मोजू लागली. शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहू लागले. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून कुमठ्याला आल्या. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयामागे या कामाची प्रेरणा होती. आमचे मत असे की, कुमठ्यात जे झाले त्याचा जीव अधिकारी आणि शिक्षक यांच्या सोबतीत होता. पुढे राज्यभर जे पसरले त्यात फरशीवरचा रंग पुष्कळ ठिकाणी पोचला, सोबत कमी ठिकाणी पोचली. आणि शाळा प्रगत झाली की नाही याचे आकडे वर पाठवायचे म्हटल्यावर आकडे कसे वाढतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

शिक्षक तयार करावा लागतो, हे या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी ओळखले होते. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ साली साताऱ्यात खेड्यांतल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. गावोगाव शाळा काढायच्या तर मास्तर आणायचा कुठून, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

आता आपल्या घरापुरते. आमच्या कित्येक माता-भगिनी म्हणतात, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही पोराचे काय तपासणार? त्यांनी शेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचे उदाहरण घ्यावे. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. १९२० साली अण्णा भाऊ साठे तिथे जन्मले तेव्हा तो सगळा मुलूख साताऱ्यातच होता. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. मुंबईला गेल्यावर दुकानांच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती यांवरून त्यांनी अक्षर जोडले आणि १९५९ साली 'फकिरा' महाराष्ट्राच्या हाती दिली. वाचन पुस्तकातूनच सुरू होते असे नाही. म्हणून शाळेचे पुस्तक बाजूला ठेवा, ते पाठ असते. घरात आलेली लग्नपत्रिका, किराण्याच्या पुडीचा कागद, एस. टी. ची पाटी, विहारातल्या फळ्यावरची सूचना, यांतले काहीही पोरापुढे धरा आणि विचारा, काय लिहिलंय, मला सांग. त्याने सांगितले ते ध्यानात ठेवा. दोन दिवसांनी तोच कागद शेजारच्या शिकलेल्या मुलीला दाखवा. दोघांचे सांगणे जुळले तर पोर वाचते. आजीलाही हे करता येते. मात्र चारचौघांत करू नका, आणि चुकले तर हात उगारू नका.

चारचौघांवरून आठवले. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 'चावडी वाचन' असा कार्यक्रम घेतात. गावकऱ्यांपुढे मुले वाचून दाखवतात. ज्या चावडीपुढे आपले आजे-पणजे पायरीखाली उभे राहत, तिथे आपली नात पुस्तक हातात घेऊन उभी राहते, हे पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. आम्हालाही आनंद वाटतो. पण तपासणी म्हणून त्याचा उपयोग थोडाच. गावापुढे अडखळायला कोण तयार होईल? त्यामुळे पुन्हा चांगली वाचणारीच पोरे पुढे येतात, आणि जिची काळजी करायला हवी ती मुलगी मागे टाळ्या वाजवत बसते.

त्यापेक्षा कायद्याने हाती दिलेले साधन वापरावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित वर्गातल्या पालकांना त्यांच्या संख्येप्रमाणे जागा असतात. आपल्या बाया त्या समितीवर आहेत. बहुतेकींना सही करायला तेवढे बोलावतात. सही करण्याआधी त्यांनी विचारावे, दुसरीत किती मुले आहेत आणि त्यांतली किती न पाहिलेला मजकूर वाचतात? न वाचणाऱ्यांची नावे कोणती, आणि प्रत्येकाचे कुठे अडते? नावे सांगता आली तर गुरुजी कामाचे आहेत; मग त्यांना लागेल ती मदत करावी. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, वर निवडणुकीची, सर्वेक्षणाची, माहिती भरण्याची कामे, असे चालले असेल तर समितीने त्याविरुद्ध ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. वाचन शिकवायला वेळच मिळत नसेल तर शिकवण्याची परीक्षा घेण्यात काय न्याय आहे?

जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी भागांसाठी आणखी एक प्रश्न आहे. ज्या घरांतली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांची पोरे महिनोन् महिने शाळेबाहेर असतात. ती परत आली की काही शाळांत त्यांना पुन्हा अ-अननस पासून बसवतात, काही शाळांत थेट वर्ग चालू असेल त्या धड्यावर. दोन्ही ठिकाणी पोर कंटाळते आणि पुढच्या हंगामाला आईबापांबरोबर फडातच राहते. ते जाताना कोणत्या अक्षरगटापर्यंत आले होते हे एका साध्या वहीत लिहून ठेवलेले असले, तर तिथूनच पुढे उचलता येते. यंदा फडावरून मुले परततील तेव्हा समितीच्या बायांनी शाळेत जाऊन ती वही मागावी.